प्रत्येक शब्दावर ठिपका : हेन्री लूस आणि बातमीचं प्रामाण्य



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्ही जन्मभर न्याय आणि वेदान्त शिकवलात, मग हा अमेरिकन साप्ताहिकांचा मालक मध्येच कुठून आणलात?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याआधी आमची एक जुनी फजिती सांगावी लागेल.

१९६८ सालची गोष्ट. आम्ही एका तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकत होतो. तिथल्या वाचनालयात 'टाइम' साप्ताहिक यायचं, तेही तीन-तीन आठवडे उशिरा. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठाला लाल चौकट आणि आत अशी खटकेबाज इंग्रजी, की आम्ही तिच्यातली वाक्यं वहीत उतरवून पाठ करायचो. त्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत आम्ही व्हिएतनामच्या युद्धावर बोललो. भाषणाचा निम्मा भाग 'टाइम'मधून उचललेला होता. पहिलं बक्षीस मिळालं. मंचावरून उतरल्यावर परीक्षकांपैकी एका वयस्कर शिक्षकांनी जवळ बोलावलं आणि विचारलं, "अरे, हे जे तू सांगितलंस, ते पाहिलं कोणी?" आम्ही म्हणालो, "सर, 'टाइम'मध्ये आलंय." ते म्हणाले, "कुठे आलंय ते विचारलं नाही. पाहिलं कोणी?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन अंक पुन्हा उघडला. लेखाखाली नाव नव्हतं. मग पानं उलटत गेलो. कोणत्याच लेखाखाली लेखकाचं नाव नव्हतं.

पुढे चाळीस वर्षं आम्ही ज्ञानमीमांसा शिकवली. प्रत्यक्ष आणि अनुमान यांवर तास-तास बोललो. शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान, हे मात्र दोन तासांत उरकायचो, कारण परीक्षेत त्यावर फार तर एक टीप यायची. खरं पाहता आपल्या डोक्यात जे काही आहे, त्यातलं बहुतेक सगळं कोणाच्या तरी सांगण्यावरूनच आलेलं असतं. ही चूक आता सुधारून घ्यावी म्हणून आज हेन्री लूस या माणसाकडे बघायचं आहे. लोकांना जग सांगण्याचा एवढा मोठा कारखाना त्याच्याआधी फार थोड्यांनी उभारला असेल.

आधी माणूस समजून घेऊ. हेन्री रॉबिन्सन लूस याचा जन्म ३ एप्रिल १८९८ चा, आणि तो अमेरिकेत झालेला नाही. तो झाला चीनमध्ये, शांतुंग प्रांतातल्या तेंगचौ इथे. वडील प्रेस्बिटेरियन मिशनरी होते. चीनमध्ये ख्रिस्ती उच्चशिक्षण रुजावं म्हणून ते अमेरिकेतल्या धनिकांकडे देणग्या मागत फिरत. मुलगा चेफू इथल्या इंग्रजांच्या वसतिगृहाच्या शाळेत वाढला. तिथे छडी होती, आणि इंग्रज मुलांमध्ये अमेरिकन असणं होतं. बोलताना तो अडखळायचा. ज्या देशाला आपला म्हणायचं तो देश त्याने लहानपणी फारसा पाहिलेलाच नव्हता. पाहिलेला नसल्यामुळे त्याच्या मनात त्याची मूर्ती फार उजळ होती. परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांच्या मनातलं गाव कसं असतं? त्यात चिखल नसतो, भाऊबंदकी नसते. लूसच्या मनातली अमेरिका तशी होती, आणि पुढे चीनच्या बाबतीतही त्याचं तेच झालं.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो अमेरिकेत आला. हॉचकिस या खासगी शाळेत शिष्यवृत्तीवर शिकला, जेवणघरात ताटं वाढून खर्च भागवला. तिथे त्याला ब्रिटन हॅडन भेटला. पुढे दोघे येल विद्यापीठात गेले आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या दैनिकात एकत्र काम केलं. १९२२ मध्ये दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडून भांडवल गोळा करायला लागले. उभे करायचे होते १ लाख डॉलर, झाले ८६ हजार. त्यावर ३ मार्च १९२३ या तारखेचा 'टाइम'चा पहिला अंक निघाला. खप नऊ हजारांच्या आसपास. दोघेही तेव्हा पंचविशीच्या उंबरठ्यावर होते.

कल्पना साधी होती. दैनिकं ढीगभर छापतात, कामात असलेल्या माणसाला ती वाचायला वेळ नाही. तेव्हा आठवड्याच्या सगळ्या बातम्या विभाग पाडून, आटोपशीर करून, तासाभरात वाचून होतील अशा द्यायच्या. सुरुवातीला त्यांच्याकडे स्वतःचे वार्ताहर जवळपास नव्हतेच. दैनिकांतली कात्रणं कापायची आणि आपल्या भाषेत पुन्हा लिहायची. ही भाषा हॅडनने घडवली. होमरच्या महाकाव्यात वीरांना जशी जोडविशेषणं असतात, तशी तो मंत्र्यांना आणि कारखानदारांना लावायचा. वाक्य उलटं फिरवायचा. 'टायकून' हा मूळ जपानी शब्द इंग्रजीत धनाढ्य उद्योगपतीसाठी रूढ करण्यात 'टाइम'चा मोठा वाटा आहे.

२७ फेब्रुवारी १९२९ ला हॅडन एकतिसाव्या वर्षी गेला. त्यानंतर घर चालवलं ते लूसने एकट्याने. फेब्रुवारी १९३० मध्ये, म्हणजे शेअरबाजार कोसळल्यानंतर चार महिन्यांत, त्याने 'फॉर्च्यून' हे उद्योगजगताचं मासिक काढलं, किंमत १ डॉलर. तेव्हा 'टाइम' १५ सेंटला मिळत होता. हिशेबनिसाला लिहायला शिकवण्यापेक्षा कवीला ताळेबंद वाचायला शिकवणं सोपं, असं त्याचं मत होतं, आणि आर्चिबाल्ड मॅक्लीश, जेम्स एजी यांसारखे कवी त्याने खरंच नोकरीत ठेवले. नोव्हेंबर १९३६ मध्ये 'लाइफ' आलं, किंमत १० सेंट. पहिल्या मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइटने काढलेलं मोंटानातल्या फोर्ट पेक धरणाचं छायाचित्र होतं. अडीच लाख खप धरून जाहिरातींचे दर आधीच ठरवले होते. अंक त्याच्या कितीतरी पट उठले, पण जाहिरातीचा दर वर्षभर तोच! प्रत्येक जास्तीच्या प्रतीमागे पदरमोड. मागणी फार झाली म्हणून बुडायची वेळ आलेलं दुसरं साप्ताहिक आम्हांला माहीत नाही. १९५४ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' निघालं. १९६४ मध्ये त्याने मुख्य संपादकपद सोडलं आणि २८ फेब्रुवारी १९६७ ला तो वारला.

धंदा म्हणून बघितलं तर ही कारकीर्द थक्क करणारी आहे. पण आज आपल्याला ताळेबंद तपासायचा नाही. आमचे ते परीक्षक गुरुजी विचारत होते तो प्रश्न या कारखान्याला विचारायचा आहे.

'टाइम'चा लेख तयार कसा व्हायचा? पुढे कंपनी मोठी झाल्यावर जगभर वार्ताहर नेमले गेले. वार्ताहर जे पाहील ते लांबलचक तारेने न्यूयॉर्कला पाठवायचा. तिथे टेबलाशी बसलेला लेखक त्या तारा, दैनिकांची कात्रणं आणि जुनी टिपणं समोर ठेवून लेख रचायचा. मग तो वरिष्ठ संपादकाकडे, तिथून व्यवस्थापकीय संपादकाकडे. वाटेत कोणीही वाक्य बदलायचं. आणि एक टेबल तपासनीस मुलींचं. लिहिणारे पुरुष आणि तपासणाऱ्या स्त्रिया अशी तिथली वाटणी बरीच वर्षं होती. तपासनीस मुलीने लेखातल्या प्रत्येक शब्दाची खातरजमा करायची आणि शब्द बरोबर निघाला की त्याच्यावर पेन्सिलीने ठिपका द्यायचा. नाव बरोबर, ठिपका. वय बरोबर, ठिपका. गावाचं अंतर बरोबर, ठिपका. सगळ्या शब्दांवर ठिपके पडले की लेख छापायला जायचा, बिननावाचा. याला ते समूह-पत्रकारिता म्हणत.

आता गंमत बघा. शब्दावर ठिपका देता येतो, वाक्यावर कसा देणार? जनरलचं नाव, त्याचं वय, त्याच्या कपाळावरची आठी, सगळं खरं असू शकतं. पण 'लोकशाहीचा एकाकी रक्षक' असं त्याच्याबद्दल म्हटलं, तर 'लोकशाही' या शब्दाचं स्पेलिंग तपासता येईल. तो रक्षक आहे का, हे त्या मुलीने कुठे तपासायचं? खोटं शब्दात नसतं, ते शब्दांच्या जोडणीत असतं. आमच्याकडच्या व्याकरणकारांनी आणि मीमांसकांनी शतकानुशतकं याच प्रश्नाचा काथ्याकूट केला आहे, की अर्थ पदात की वाक्यात. न्यूयॉर्कच्या त्या कचेरीने पदं तपासली आणि वाक्य मोकळं सोडलं.

आणि त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत कोण आलं? मालक आला. याचा पुरावा चीनच्या प्रकरणात मिळतो.

लूसला चीनबद्दल मनापासून माया होती आणि च्यांग कै-शेकवर त्याची अपार श्रद्धा होती. च्यांग ख्रिस्ती झालेला, त्याची पत्नी अमेरिकेत शिकलेली. वडिलांनी ज्याच्यासाठी आयुष्य वेचलं, तो उद्याचा चीन लूसला या जोडप्यात दिसत होता. १९३७ सालचे 'टाइम'चे वर्षश्रेष्ठ म्हणून पती-पत्नी दोघांची निवड झाली. १९४१ मध्ये लूस चुंगकिंगला गेला तेव्हा त्याला तिथे 'टाइम'चा तरुण वार्ताहर थिओडोर व्हाइट भेटला. बॉस्टनच्या गरीब वस्तीतला, हार्वर्डमध्ये चिनी भाषा आणि इतिहास शिकलेला हा मुलगा लूसला इतका आवडला, की तो त्याला बरोबर न्यूयॉर्कला घेऊन गेला.

१९४३ च्या सुरुवातीला व्हाइट हेनान प्रांतात गेला. तिथे भीषण दुष्काळ होता. माणसं झाडाच्या साली खात होती आणि सरकारी माणसं शेतसारा वसूल करत होती. त्याने पाहिलं आणि लिहिलं. लोयांगहून निघालेली त्याची तार सेन्सॉरच्या हातून निसटली आणि मार्चमध्ये 'टाइम'मध्ये छापून आली. मॅडम च्यांग तेव्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर होत्या. त्यांनी लूसकडे मागणी केली, या माणसाला काढून टाका. लूसने नकार दिला. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. लूस हा साधा खलनायक असता तर या व्याख्यानाची गरजच नव्हती.

दीड वर्षाने, १९४४ च्या ऑक्टोबरात, अमेरिकन जनरल स्टिलवेल यांना चीनमधून परत बोलावलं गेलं, कारण च्यांगशी त्यांचं पटेना. व्हाइटने पाठवलेल्या मजकुराचा रोख च्यांगच्या राजवटीच्या नाकर्तेपणावर आणि भ्रष्टाचारावर होता. न्यूयॉर्कमध्ये परराष्ट्र विभागाच्या खुर्चीवर तेव्हा व्हिटेकर चेंबर्स होता. हा पूर्वी कम्युनिस्टांचा गुप्त हस्तक, आता त्यांचा कडवा शत्रू. नोव्हेंबरमध्ये स्टिलवेलवर मुखपृष्ठलेख आला. त्यात प्रकरणाचा अर्थ असा लावला होता, की प्रश्न च्यांग चांगला की वाईट हा नाहीच, प्रश्न च्यांग की कम्युनिस्ट हा आहे. व्हाइटला तो अंक वाचून आपण काय पाठवलं होतं याची ओळख पटेना. त्याच्या तारेतल्या तपशिलांवर ठिपके पडले असतील, पण त्याने जे पाहिलं होतं त्याच्या उलट दिशेला ते तपशील उभे केले गेले होते. आणि लेखाखाली नाव? ना व्हाइटचं, ना चेंबर्सचं, ना लूसचं.

हे एकदाच घडलं असतं तर अपघात म्हणता आला असता. १९६३ मध्ये सायगाववरून चार्ल्स मोर या वार्ताहराने व्हिएतनामचं युद्ध हातचं जात असल्याचं कळवलं. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या मजकुराचा सूर पालटला, आणि वर सायगावमधल्या पत्रकारांनाच दोष देणारा लेख 'टाइम'ने छापला. मोरने राजीनामा दिला. पाच वर्षांनी आम्ही तालुक्याच्या गावी व्हिएतनामवर टाळ्या घेतल्या त्या याच साप्ताहिकाच्या जोरावर. गुरुजींचा प्रश्न आम्हांला खरा कळायला मात्र मोरची हकीकत वाचनात यावी लागली, आणि तोवर आम्ही स्वतः प्राध्यापक झालो होतो.

आता लूसचं म्हणणं ऐकू. समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडता आली पाहिजे, मगच खंडन करावं, ही आपल्या पूर्वपक्षाची शिस्त आहे. लूस म्हणायचा, संपूर्ण तटस्थता अशक्य आहे आणि ती इष्टही नाही. 'टाइम' निघण्याआधी जे पत्रक काढलं होतं, त्यात त्याने आणि हॅडनने आपले पूर्वग्रह चक्क यादी करून सांगितले होते. सरकारने सगळीकडे हात घालू नये, सरकारी खर्च वाढू नये, जुन्या रीतिरिवाजांचा मान राखावा, नव्या कल्पनांचं कौतुक करावं, वगैरे. आम्ही वस्तुनिष्ठ आहोत असं म्हणणारा स्वतःला फसवतो, आम्ही निदान फसवत नाही, असा त्याचा पवित्रा होता.

यातला अर्धा भाग खरा आहे आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने तो मान्य करायलाच हवा. नुसती, निखळ, कोणत्याही दृष्टिकोनाविना दिसणारी वस्तुस्थिती नसते. दहा घटनांतली कोणती आधी सांगायची हे ठरवलं की मत आलंच. पण यातून निष्कर्ष काय निघतो? पाहणाऱ्यालाही दृष्टी असते एवढंच निघतं. न पाहणाऱ्याच्या दृष्टीने पाहणाऱ्याचं म्हणणं दुरुस्त करावं, हे त्यातून कसं निघालं? व्हाइटची दृष्टी त्याच्या मर्यादांसकट हेनानच्या रस्त्यावर उभी होती. लूसची दृष्टी तेंगचौच्या बालपणात होती. दोन्ही 'दृष्टिकोन'च आहेत म्हणून दोन्ही सारख्या किमतीच्या होत नाहीत. आपल्या इथेही हल्ली हा युक्तिवाद फार ऐकू येतो, सगळेच पक्षपाती आहेत, मग आमचा पक्षपात का नको? त्याचं उत्तर हेच आहे. पक्षपात सगळ्यांचा असतो, पण पाहिलेलं सगळ्यांनी नसतं.

इथे नैयायिकांची मदत घेऊ. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास कधी ठेवावा? ते म्हणतात, तो शब्द आप्ताचा असेल तेव्हा. मराठीत आपण आप्त म्हणजे नातेवाईक समजतो. तो अर्थ इथे नाही. न्यायभाष्यकार वात्स्यायन यांच्या मते आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, असा सांगणारा. आणि पुढे ते म्हणतात, हे लक्षण ऋषीला लागू आहे, आर्याला लागू आहे आणि म्लेंच्छालाही तितकंच लागू आहे. केवढं मोठं मन आहे बघा. सांगणारा कोण जातीचा, कोण पक्षाचा, हे विचारलेलंच नाही. दोनच अटी आहेत : जाणलं आहे का, आणि जसं जाणलं तसं सांगायचं आहे का.

या दोन अटी 'टाइम'च्या त्या लेखाला लावा. ज्याने पाहिलं तो सांगत नाही, त्याची तार टेबलावर पडली आहे. जो सांगतो त्याने पाहिलेलं नाही. जिने तपासलं तिला वाक्याला हात लावायचा अधिकार नाही. आणि ज्याच्या इच्छेने वाक्याला वळण मिळालं, त्याचं नाव तिथे नाही. चार माणसं आहेत, पण आप्त एकही नाही. आप्तपण वाटून टाकल्यावर ते शिल्लकच राहिलं नाही. अशा शब्दापासून ज्ञान होईल कसं?

बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती यांचं मत आणखी कडक आहे. ते म्हणतात, शब्दावरून वस्तू कळत नाही, बोलणाऱ्याचा अभिप्राय तेवढा अनुमानाने कळतो. आम्ही वर्गात हे मत पूर्वपक्ष म्हणून मांडायचो आणि खोडून काढायचो. पण 'टाइम'चे चीनवरचे ते जुने लेख आज वाचले तर धर्मकीर्तींचंच खरं वाटतं. त्यांतून चीन कळत नाही, लूसला चीन कसा हवा होता हे कळतं. १९४९ मध्ये च्यांगचं राज्य मुख्य भूमीवरून गेलं तेव्हा लाखो अमेरिकन वाचकांना तो दगाफटका वाटला. वाटणारच. त्यांना वर्षानुवर्षं जे सांगितलं होतं त्यात असं होण्याचं कारणच नव्हतं. मग घरभेदी शोधणं सुरू झालं, आणि ज्या जाणकार मुत्सद्द्यांनी चीनची खरी अवस्था आधीच कळवली होती, त्यांच्याच नोकऱ्यांवर गदा आली. चुकीच्या सांगण्याची किंमत अशी असते. ती सांगणाऱ्याला क्वचितच मोजावी लागते.

इथे एक चिठ्ठी आली आहे. "मालकाला मत असूच नये का?" जरूर असावं. त्याचं उत्तर लूसनेच आपल्या हाताने देऊन ठेवलं आहे. १७ फेब्रुवारी १९४१ च्या 'लाइफ'मध्ये त्याने 'अमेरिकेचं शतक' या आशयाचा गाजलेला निबंध लिहिला, आणि तो स्वतःच्या सहीने. अमेरिकेने जगाचं नेतृत्व निःसंकोच करावं, असं त्याचं प्रतिपादन. आम्हांला तो निबंध पटत नाही, त्यात मिशनऱ्याचा आवेश आणि व्यापाऱ्याचा हिशेब यांची सरमिसळ आहे. पण तो प्रामाणिक आहे, कारण बोलणारा समोर उभा आहे. म्हणूनच पुढच्या वर्षी उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांना जाहीर भाषणात उत्तर देता आलं, की हे शतक सामान्य माणसाचं असलं पाहिजे. सही असली की उत्तर देता येतं. बिननावाच्या लेखाला कोण उत्तर देणार, आणि कोणाला?

दुसरी गोष्ट त्याहून बोलकी आहे. मे १९४४ मध्ये, म्हणजे स्टिलवेल प्रकरणाच्या आधी सहा महिने, व्हाइटचा चीनवरचा कडक टीका करणारा लेख 'लाइफ'मध्ये व्हाइटच्या नावाने आला होता. लूसशी बरीच घासाघीस करावी लागली, पण आला. वार्ताहर तोच, मालक तोच, वर्षही तेच. नाव होतं तिथे मालकाने माघार घेतली आणि नाव नव्हतं तिथे वाक्य फिरवलं गेलं. १९४६ मध्ये व्हाइट बाहेर पडला आणि अॅनली जेकबी यांच्याबरोबर चीनवर पुस्तक लिहून जे पाहिलं ते स्वतःच्या नावाने सांगितलं.

'लाइफ'च्या छायाचित्रकारांचंही असंच. त्यांची नावं चित्रांबरोबर छापली जात, वाचक त्यांना नावाने ओळखत. चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचं जे छायाचित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, ते बर्क-व्हाइटने १९४६ मध्ये इथे, पुण्यातच काढलं, 'लाइफ'साठी. त्याची हकीकत प्रसिद्ध आहे. गांधीजींच्या चिटणिसांनी तिला आधी सूत कातायला शिकायला लावलं. चरखा समजल्याशिवाय चरखा चालवणाऱ्याचं चित्र कसं काढणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता. ती कशीबशी कातायला शिकली, मग आत गेली. आम्हांला वाटतं, वात्स्यायनांची पहिली अट यापेक्षा सोप्या शब्दांत कोणी सांगितली नसेल. आधी जाण, मग सांग.

शेवटी एक प्रकरण, ज्यात आमच्या व्यवसायातली माणसं गुंतलेली आहेत. १९४२ च्या अखेरीस लूसने आपले येलचे मित्र, शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांना सुचवलं, की वृत्तपत्रस्वातंत्र्याचा मूलगामी विचार करणारी एक समिती नेमा. त्यासाठी त्याने २ लाख डॉलर दिले. समितीत हार्वर्डचे तत्त्वज्ञ विल्यम अर्नेस्ट हॉकिंग होते, धर्मचिंतक राइनहोल्ड नीबुर होते. एकही पत्रकार नव्हता. १९४७ मध्ये अहवाल आला. त्याचा सारांश असा, की वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य धोक्यात आहे आणि त्याचं एक कारण वृत्तपत्रं मोजक्या मालकांच्या हाती एकवटली हे आहे. वृत्तपत्राने घटना नुसती खरी सांगून भागत नाही, तिचा अर्थ कळेल अशा संदर्भात सांगितली पाहिजे. आणि आपल्याला न पटणाऱ्या मतांनाही जागा दिली पाहिजे. लूसला अहवाल पसंत पडला नाही. पण तो त्याने 'फॉर्च्यून'ची पुरवणी म्हणून छापला. पदरचे पैसे देऊन स्वतःवरची टीका लिहवून घेणारा आणि ती छापणारा मालक तुम्ही किती पाहिलेत? आम्ही फारसे पाहिले नाहीत.

तरीही आम्हांला त्या अहवालात एक उणीव दिसते, आणि ती हॉकिंगसारख्या तत्त्वज्ञाच्या नजरेतून सुटावी याचं नवल वाटतं. समितीने घटनेचा संदर्भ द्या म्हटलं, पण संदर्भ देण्याचा अधिकार कोणाचा, हे नीट विचारलं नाही. चेंबर्सनेही संदर्भच दिला होता! स्टिलवेलच्या परतीला जागतिक संघर्षाचा मोठा संदर्भ दिला आणि त्यात हेनानची भुकेली माणसं दिसेनाशी झाली. संदर्भ हा फार सभ्य शब्द आहे. त्याच्या आड पाहणाऱ्याचा आवाज सहज दाबता येतो. म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्याने पाहिलं त्याचं सांगणं त्याच्या नावाने, त्याच्या शब्दांत राहू द्या. अर्थ लावायचा तर शेजारी लावा, आपल्या नावाने लावा. दोन्ही वाचून वाचक ठरवील.

आणखी एक चिठ्ठी आहे. "सर, आता तर सगळीकडे नावं असतात, फोटोसुद्धा असतात. मग प्रश्न सुटला का?" नाही सुटला. नाव ही खूण आहे. आप्तपण त्या नावाच्या माणसाने पाहिलं आहे का, यावर ठरतं. आज एखादा गृहस्थ स्वतःच्या नावाने, फोटोसकट, दुसऱ्याने पाठवलेलं तिसऱ्याचं सांगणं पुढे ढकलतो. कोणी पाहिलं ते त्यालाही ठाऊक नसतं. लूसच्या कचेरीत निदान शब्दांवर ठिपके तरी देत होते. आता ठिपका देणाऱ्या त्या मुलीलाही रजा दिली आहे.

आम्ही लूसला तराजूत घालून दोषी ठरवायला आलो नव्हतो. त्याने सामान्य वाचकाला जग बघायची भूक लावली, त्यात आम्हीही होतो. आमची इंग्रजी त्याच्या साप्ताहिकाने घडवली, याचं ऋण आहे. पण त्याने वाचकाला एक सवयही लावली : इतकं नेटकं, इतकं ठाम लिहिलं आहे त्या अर्थी कोणीतरी पाहिलंच असणार, असं धरून चालण्याची. नेटकं वाक्य आणि पाहिलेली गोष्ट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे शिकायला आमचं निम्मं आयुष्य गेलं.

ते परीक्षक गुरुजी आता नाहीत. त्या दिवशी त्यांनी आम्हांला बक्षीस दिलं, आणि वर तो प्रश्नही दिला. बक्षिसाचा कप भाचरांच्या खेळण्यात कधीच हरवला. प्रश्न तेवढा राहिला आहे, तो तुमच्याकडे देतो. आज रात्री घरी जाऊन मोबाइल उघडाल, त्यात पहिली जी बातमी दिसेल तिला तो विचारून बघा. अरे, हे पाहिलं कोणी?